स्नायू किती दिवस वाट पाहतो

सकाळी ८:३०

विभाग उघडला की पहिलं काम मेणाचं भांडं चालू करायचं, कारण मेण वितळायला वेळ लागतो. तोवर मावशी विजेच्या मशीनचे पॅड भिजत घालतात आणि मी आजच्या केसपेपरांची थप्पी चाळते. केसपेपरवर नाव, वय, गाव, निदान असं सगळं असतं. माझी नजर आधी जाते ती दुखापतीच्या तारखेवर. फिजिओथेरपीत तारीख कुठल्याही आजारात महत्त्वाची असते, पण नस तुटलेल्या माणसाला आपण काय देऊ शकतो आणि काय नाही, हे बरंचसं त्या एका तारखेवर ठरतं.

आमचं सरकारी रुग्णालय पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यात आहे. कोयता, गुऱ्हाळाचा चरक, मळणीयंत्र, एमआयडीसीतला प्रेस, हायवेवरची मोटरसायकल यांनी जखमी झालेले हात इथे रोज येतात. बहुतेकांची जखम तोवर छान भरलेली असते. येताना ते दुसरीच तक्रार घेऊन येतात: जखम बरी झाली, पण हात चालत नाही.

८:५०

पहिली पेशंट बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेली, तिशीची बाई. उजव्या हातात कोयता, डाव्या हातात धरलेला ऊस, म्हणून वार बसला तो डाव्या मनगटाच्या दोन बोटं वर. चार महिने झाले. फडाजवळच्या दवाखान्यात टाके पडले, पट्टी झाली. आठवड्याभरात ती पुन्हा मोळ्या बांधायला उभी राहिली, कारण मुकादमाची उचल फेडायची होती आणि एकटा नवरा म्हणजे अर्धाच कोयता.

"बोटं सरळ व्हईनात, मॅडम. आन् हितलं मांस कुठं गेलं?"

ती अंगठा आणि पहिल्या बोटामधली जागा दाखवते. उजव्या हाताला तिथे टणक उंचवटा आहे. डाव्या हाताला खळगा. करंगळी आणि अनामिका आत वळल्या आहेत. मी तिचाच केसपेपर तिच्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि तर्जनींत धरायला देते आणि हळूच ओढते. उजवा अंगठा सरळ राहून कागद दाबून धरतो. डाव्या अंगठ्याचं टोक लगेच वाकतं, कारण कागद बाजूने दाबणारा स्नायू गेला आहे आणि दुसरी नस मदतीला धावली आहे. मग मी जखमेच्या वणावर बोटाने टिचकी मारते. झिणझिण्या येतात, पण फक्त वणावर. तळहाताच्या दिशेने सरकत जाऊन टिचकी मारली तर काहीच नाही. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर ही खूण फ्रान्सच्या टिनेलने आणि जर्मनीच्या हॉफमनने १९१५ साली स्वतंत्रपणे नोंदवली, आणि आजही तिला दोन बोटांपलीकडे कुठलंही उपकरण लागत नाही. नस पुढे वाढत असेल तर तिच्या टोकाबरोबर झिणझिण्याही पुढे सरकतात. चार महिन्यांत त्या एक इंचही सरकलेल्या नाहीत. म्हणजे अल्नर नस पूर्ण तुटली होती आणि तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

"मांस कुठं गेलं" हा तिचा प्रश्न अगदी नेमका आहे. कोयता तिच्या तळहाताला लागलाच नव्हता. लागला मनगटाच्या वर, आणि वाळला तो तळहात. मज्जारज्जूतल्या पेशीपासून निघालेला तंतू मान, दंड, कोपर ओलांडून हाताच्या एवढ्याशा स्नायूपर्यंत सलग आलेला असतो. तो मध्येच तुटला की पेशीकडचा भाग जगतो आणि पुढचा मरतो. मरताना पहिलं जातं ते अगदी टोक, जिथे नस स्नायूच्या धाग्याला भेटते. आम्ही त्या जागेला एंडप्लेट म्हणतो. केसाच्या जाडीहून लहान जागा, प्रत्येक धाग्यावर साधारण मध्यभागी एक. नस आणि स्नायू तिथेही एकमेकांना टेकलेले नसतात. मध्ये ५० नॅनोमीटरची फट असते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं, समोरच्या स्नायूच्या घड्यांवर त्याचे रिसेप्टर दाटीने बसलेले असतात, प्रत्येक चौरस मायक्रॉनला सुमारे १०,०००. तेवढ्यावर आपलं सगळं हलणंबोलणं चालतं.

नसेकडची बाजू काही दिवसांत नष्ट होते. टोकावर बसलेल्या श्वान नावाच्या पेशी तिचा चुरा गिळून जागा साफ करतात. स्नायूकडची बाजू मात्र मागे राहते. घड्या, रिसेप्टर, त्यांच्यावरचा पातळ पडदा, सगळं महिनोन्महिने टिकून असतं आणि हळूहळू मोडत जातं. घड्या सपाट होतात, रिसेप्टर विखुरतात, धागे बारीक होतात, मग त्यांच्या जागी तंतुमय ऊतक आणि चरबी भरते. माणसाच्या हातापायात नस साधारण वर्षाच्या आत परत पोचली तर चांगली ताकद येते. वर्षानंतर आशा झपाट्याने कमी होते आणि १८ महिने ते दोन वर्षांनंतर नस पोचली तरी तिच्या हाती फारसं काही लागत नाही. संवेदना त्यामानाने उशिरापर्यंत थोडीफार परत येऊ शकते. स्नायूला तेवढी सवलत नाही.

आता हिचा हिशेब. नस जोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे सोडले तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, महिन्याला इंचाहून थोडी जास्त. वणापासून त्या खळग्यापर्यंत १२ सेंटिमीटर धरले तर चार महिने, वर महिनाभर सुरुवातीचा. आधीचे चार गेलेलेच आहेत. म्हणजे या आठवड्यात ऑपरेशन ठरलं तर नववा-दहावा महिना. जमण्यासारखं आहे. सीझन संपवून गावी जाऊन मग बघू म्हटलं तर नाही.

मी प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांना फोन करते. मंगळवारी नव्हे, आजच दाखवायचं ठरतं. रेशनकार्ड गावाकडे आहे. नवऱ्याला सांगते की कुणाला तरी त्याचा फोटो मोबाइलवर पाठवायला लाव, आरोग्य योजनेच्या खिडकीवर तोवर बोलून ठेवते. मग ती ओपीडीत जाईपर्यंत बोटांसाठी स्प्लिंट करून देते. सांधे आखडले तर नस परत येऊनही उपयोग नाही, आणि सांधे मोकळे ठेवणं हे पूर्णपणे आमच्या हातात असतं.

१०:००

बारावीतला मुलगा. दंडाचं हाड मोडलं, त्याबरोबर रेडियल नस गेली, मनगट लोंबू लागलं. साडेतीन महिने झाले. आईचा चेहरा रडवेला आहे, कारण शेजारणीने सांगितलंय की मोठ्या शहरात नेऊन लगेच ऑपरेशन करा.

आज त्याचा एसडी कर्व्ह काढायचा आहे. नव्या मशीनच्या काळात बऱ्याच ठिकाणी हे बंद पडलं. मला ते फार मोलाचं वाटतं. स्नायूवर एक इलेक्ट्रोड ठेवायचा आणि विजेचे झटके द्यायचे, आधी लांब, ३०० मिलिसेकंदांचे, मग आखूड करत करत मिलिसेकंदाच्याही आत. प्रत्येक वेळी स्नायू जेमतेम हलेल इतकाच करंट नोंदवायचा. निरोगी स्नायूत आपण खरं तर स्नायूला नाही, त्याच्या आत पसरलेल्या नसेच्या टोकांना चाळवत असतो, आणि ती टोकं इतकी हळवी असतात की अगदी आखूड झटकाही त्यांना पुरतो. टोकं मेली की मात्र थेट स्नायूच्या धाग्यालाच जागं करावं लागतं. त्याला लांब झटका लागतो. आखूड झटक्याला तो दाद देत नाही.

डोळ्यांनाही फरक दिसतो. नस असलेला स्नायू टचकन उडतो आणि टचकन सोडतो. नस गेलेला स्नायू सावकाश आकसतो, सरपटल्यासारखा, आणि तितक्याच सावकाश सैल होतो. पाहायला शिकलेल्या माणसाला आलेखाआधीच उत्तर कळतं.

मुलाच्या कोपराजवळच्या स्नायूवर मी झटके आखूड करत जाते. आलेख नस गेल्यासारखा वर चढतो, आणि मग मध्येच वाकतो. पुन्हा घेते. पुन्हा तिथेच वाकतो. आखूड झटक्याला स्नायूचा एक छोटा भाग टचकन उडतोय. काही धाग्यांवर नस परत बसली आहे. बंद फ्रॅक्चरबरोबर गेलेली रेडियल नस बहुतेक वेळा आपली आपण येते, कारण ती ताणली किंवा चेंगरली गेलेली असते, तुटलेली नसते. बाहेरचं आवरण शाबूत, त्यामुळे वाढत्या तंतूंना वाट सापडते. "काकू, ऑपरेशन नको. मनगटाचा स्प्लिंट रात्रीही घालायचा, आणि तीन आठवड्यांनी या."

थांबणं हा इथे योग्य उपचार आहे. मघाच्या बाईच्या बाबतीत तेच थांबणं घातक होतं. 'नस हळूहळू येते' हे वाक्य डॉक्टर, फिजिओ, शेजारी सगळेच सगळ्यांना सारखंच ऐकवतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

१०:४५

दिवसभर उकिडवं बसून कांद्याची रोपं लावल्यावर पाऊल लुळं पडलेले एक काका. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस हाडावर दाबली गेली. तंतू तुटलेले नाहीत, फक्त तेवढ्या टप्प्यात संदेश अडला आहे. त्या टप्प्याच्या खाली नस आणि एंडप्लेट दोन्ही जिवंत आहेत. म्हणून काही आठवड्यांत सुधारणा. पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट दिला, उकिडवं बसायचं बंद.

११:१५

ईएमजीची, म्हणजे नस-स्नायूंच्या विजेच्या तपासणीची, खोली मेडिसिन विभागाच्या टोकाला आहे. तिथल्या डॉक्टर मॅडम तपासणी करतात, आमचे पेशंट असले की मी सोबत जाते.

पहिला तरुण मोटरसायकलवरून पडलेला, आजचा चौथा दिवस. उजवा हात खांद्यापासून लुळा. वडील उत्साहात आहेत. काल बाहेर एनसीव्ही, म्हणजे नसेतल्या करंटची तपासणी, करून घेतली आणि रिपोर्टात मनगटाजवळ करंट दिल्यावर हाताच्या स्नायूचा प्रतिसाद चांगला आला आहे. "म्हणजे नस चालू आहे ना, मॅडम?"

रिपोर्ट खोटा नाही, फक्त फार लवकर काढलेला आहे. तुटलेल्या नसेचा खालचा तुकडा लगेच मरत नाही. पेशीपासून सुटल्यावरही काही दिवस त्यात करंट वाहतो आणि टोकातून रसायन सुटतं, त्यामुळे मानेजवळ नस उपटून निघाली असली तरी मनगटाशी सगळं ठीक दिसू शकतं.

या काही दिवसांचा अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रिकार्दो मिलेदी आणि क्लार्क स्लेटर यांनी उंदरांवर केला आणि १९७० साली छापला. नस कापल्यावर दर काही तासांनी त्यांनी स्नायूतली जोडणी तपासली. नस स्नायूच्या अगदी जवळ कापली तर आठ-दहा तासांतच जोडण्या बंद पडू लागतात, आणि त्या वेळी नसेच्या तंतूत करंट अजून वाहत असतो. आधी जातं ते टोक. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की नस दूर कापून खाली लांब तुकडा ठेवला तर जोडण्या जास्त वेळ टिकतात, दर सेंटिमीटरला सुमारे ४५ मिनिटं जास्त. तुकड्यात जगण्यासाठी लागणारं काहीतरी शिल्लक असतं आणि टोक त्यावर गुजराण करतं, असा त्याचा अर्थ लागतो. मोठ्या प्राण्यांत सगळं सावकाश चालतं. बबून माकडांत स्नायूचा प्रतिसाद चौथ्या-पाचव्या दिवशी संपतो, आणि नसेतला करंट त्यानंतरही दोन-तीन दिवस मोजता येतो. माणसातही स्नायूचा प्रतिसाद आठवड्याभरात जातो, संवेदनेचा नंतर.

मॅडम वडिलांना हे सगळं न सांगता एवढंच सांगतात की खरी तपासणी तीन-चार आठवड्यांनी, तोवर एमआरआय आणि हात गळपट्टीत. ते खट्टू होतात. पण त्या रिपोर्टावर विसंबून घरी बसले असते तर पुढच्या खेपेला सहा महिन्यांनीच आले असते.

दुसरे पेशंट चाळिशीतले, कमरेच्या खाली भलत्या जागी बसलेल्या इंजेक्शननंतर पाऊल लुळं. पाच आठवडे झाले. मॅडम नडगीच्या स्नायूत सुई घालतात आणि स्पीकर चालू करतात. माणूस स्वस्थ पडून आहे, पाय हलत नाही, आणि स्पीकरमधून पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा टप टप टप आवाज येतो. एकेक थेंब म्हणजे एकेक सुटा धागा, कुणी न सांगता आपला आपण आकसणारा. नस गेलेले धागे तीनेक आठवड्यांनी असे बोलू लागतात. त्वचेवरून काही दिसत नाही, सुईलाच कळतं.

मला हा आवाज नेहमी अस्वस्थ करतो आणि त्याच वेळी दिलासाही देतो. नस असेपर्यंत स्नायूने रिसेप्टर फक्त एंडप्लेटवर ठेवलेले असतात, बाकी धागा जवळजवळ मोकळा. नस गेली की तो धाग्याच्या सबंध लांबीवर नवे रिसेप्टर घालू लागतो, तेही गर्भावस्थेतल्या घडणीचे. स्वीडनच्या आक्सेलसन आणि थेस्लेफ यांनी १९५९ मध्ये मांजराच्या स्नायूवर दाखवलं होतं की नस गेल्यावर अख्खा धागा ॲसिटिलकोलीनला संवेदनशील होतो. एंडप्लेटवरचा जुना रिसेप्टर दहाएक दिवस टिकतो, हे नवे एखाद्या दिवसात मोडतात आणि पुन्हा घातले जातात. स्नायू हरप्रकारे नस शोधत असतो, असं मी पेशंटला सांगते, आणि ते अगदी खोटं नाही. आवाज येतोय म्हणजे धागे अजून जिवंत आहेत. दोन वर्षांनी सुई घातली आणि काहीच ऐकू आलं नाही, तर ती शांतता चांगली नसते.

आज मात्र पावसाच्या मधून, त्यांनी पाऊल उचलायचा प्रयत्न केल्यावर, दोन वेगळे, मोठे ठोकेही ऐकू आले. काही तंतू वाचले आहेत. वाचलेला तंतू शेजारच्या अनाथ धाग्यांकडे फांद्या पाठवतो आणि एकटा चार-पाचपट धागे सांभाळू शकतो. या फांद्यांना वाट दाखवतात त्याच श्वान पेशी, ज्यांनी आधी चुरा साफ केला होता. त्या एका एंडप्लेटपासून दुसऱ्यापर्यंत लांब होऊन पूल घालतात आणि तंतू त्यावरून चालत जातो.

१:१५

डबा. भूलतज्ज्ञ डॉक्टर दारातूनच विचारतात, "उद्या ऑपरेशनला घ्यायचा तुमचा तो दुसरा मोटरसायकलवाला, नस जाऊन किती दिवस झाले?" तीन महिने म्हटल्यावर मान डोलावून जातात. भूल देताना नळी घालण्यासाठी सक्सामेथोनियम नावाचं औषध कधी वापरतात. ते ॲसिटिलकोलीनसारखंच वागतं. नस गेलेल्या स्नायूत सबंध धाग्यावर रिसेप्टर पसरलेले असल्यामुळे सगळीकडून एकदम पोटॅशियम रक्तात सुटतं, आणि हृदय थांबू शकतं. स्नायू जितका मोठा, धोका तितका जास्त. म्हणून तो प्रश्न.

२:००

इंटर्नचा तास. विषय मीच निवडते आणि बहुतेक वेळा हाच निवडते.

ऑगस्टस वॉलर लंडनच्या केन्सिंग्टनमध्ये दवाखाना चालवत होता. त्याने बेडकाच्या जिभेची नस कापली, दिवसामागून दिवस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि १८५० मध्ये लिहिलं की पेशीपासून तुटलेला भाग मोडत जातो. सव्वाशेहून अधिक वर्षं सगळ्यांनी धरून चाललं की पोषण तुटलं, म्हणून उपासमारीने मेला. मग १९८९ मध्ये ऑक्सफर्डमध्ये उंदरांची एक जात सापडली, जिची कापलेली नस दीड-दोन दिवसांत मोडण्याऐवजी आठवडे टिकली. तेव्हा लक्षात आलं की नस नुसती मरत नाही, ती स्वतःला मोडते. एनएमनॅट२ नावाचं प्रथिन पेशीकडून सतत टोकाकडे पाठवलं जात असतं. त्याचं आयुष्य काही तासांचं. पुरवठा थांबला की ते संपतं, ते संपलं की सार्म१ नावाचं दुसरं प्रथिन जागं होतं आणि तंतूतली ऊर्जेची शिदोरी संपवून टाकतं. सार्म१ नसलेल्या प्राण्यांत कापलेला तंतू टिकतो, हे २०१२ मध्ये कळलं. मिलेदी आणि स्लेटर यांच्या लांब तुकड्यात जास्त वेळ पुरणारं 'काहीतरी' कदाचित हेच.

मागच्या बाकावरची मुलगी विचारते, "मग मॅडम, सार्म१ बंद करणारं औषध दिलं तर कोयत्याच्या पेशंटची एंडप्लेट वाचेल?"

प्रश्न फार चांगला आहे, आणि उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागतं. औषधाने होऊन होऊन काय होईल, तर सुटलेला तुकडा जास्त दिवस टिकेल. पेशीशी त्याचं नातं तुटलेलंच राहील, आणि जुना तुकडा साफ झाल्याशिवाय नव्या तंतूला वाटही मोकळी होत नाही. केमोथेरपीने किंवा मधुमेहाने नसा जातात तिथे अशा औषधाची आशा जास्त. तुटलेल्या नसेला आज तरी सुई-दोराच लागतो.

मग मी त्यांना माझा सर्वांत आवडता प्रयोग सांगते. मार्शल, सेन्स आणि मॅकमहॅन यांनी १९७७ च्या सुमारास बेडकाच्या छातीच्या स्नायूत नसही तोडली आणि स्नायूचे धागेही मारून टाकले, पुन्हा वाढू दिले नाहीत. उरले ते धाग्यांवरचे पातळ पडद्यांचे रिकामे कोष. नस परत वाढली आणि जिथे पूर्वी एंडप्लेट होती त्याच ठिपक्यावर जाऊन थांबली, समोर स्नायू नसताना. पत्ता स्नायूत नव्हता, पडद्यावर होता. वर्गात शांतता पसरते. स्नायू वाळल्यावरही काही काळ त्याच्यात परत येणाऱ्या नसेसाठी केवढी तजवीज शिल्लक असते, हे त्यांना कळावं म्हणून मी हे सांगते. आणि लगेच हेही सांगते की दोष फक्त स्नायूचा नसतो. फार दिवस रिकामी राहिलेली खालची नळी तंतूंना पोसेनाशी होते आणि वरची पेशीही वाढण्याचा जोर गमावते. उशीर तिन्ही ठिकाणी बाधतो.

३:१५

छत्तीस वर्षांचे ट्रकचालक. अडीच वर्षांपूर्वी अपघात, डावा खांदा आणि कोपर गेलं, पंजा चांगला चालतो. हाताची ताकद येईल हळूहळू, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तेलाने मालिश झाली, काढे झाले, घरी विजेचं छोटं मशीन विकत आणून रोज सकाळ-संध्याकाळ लावलं गेलं. बायको मशीन पिशवीतून काढून टेबलावर ठेवते. जपून वापरलेलं, वायरीला चिकटपट्टी लावलेली.

हे बोलणं मला दिवसातलं सर्वांत जड जातं आणि ते मी घाईत करत नाही. खुर्च्या ओढून आम्ही तिघं बसतो. मशीनने स्नायू आकसतो, पण त्याने नस येत नाही. धाग्यांचं बारीक होणं त्याने किती थोपतं, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. मी स्वतः त्यावर कमी आणि सांधे मोकळे ठेवण्यावर जास्त वेळ खर्च करते. अडीच वर्षांनी दंडाच्या स्नायूत आता नस नेऊन सोडली तरी तिला बसायला जागा उरलेली नाही. "म्हणजे झालंच का मग?" ते विचारतात.

नाही झालं. मांडीच्या आतल्या बाजूला ग्रॅसिलिस नावाचा लांब, सडपातळ स्नायू असतो. तो काढला तरी चालण्यात फारसं अडत नाही. तो रक्तवाहिन्या आणि नसेसकट उचलून दंडावर बसवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडायच्या आणि त्याच्या नसेला बरगड्यांमधल्या नसा किंवा दुसरी एखादी चालू नस जोडायची. त्याच्या एंडप्लेट ताज्या आहेत, काल-परवापर्यंत कामावर असलेल्या. त्यामुळे नव्या नसेला पोचायला काही महिने मिळतात. खांद्याचं पूर्वीसारखं होणार नाही. कोपर वाकून हात तोंडापर्यंत जाणं शक्य आहे, आणि पंजा चांगला असल्यामुळे त्याचा उपयोग मोठा.

बायको विचारते, "आधी आलो असतो तर?" मी खरं सांगते: सहा महिन्यांच्या आत सोपं ऑपरेशन झालं असतं. मग मी तिला हेही सांगते की अडीच वर्षं रोज हात हलवत राहिल्यामुळे कोपराचा सांधा आज पूर्ण मोकळा आहे, आणि तो नसता तर हे ऑपरेशनही करता आलं नसतं. ती मशीन पुन्हा पिशवीत ठेवते. पुढच्या तपासण्यांची यादी त्यांच्याकडून मी दोनदा वाचून घेते.

४:१५

मघाच्या सोप्या ऑपरेशनचं उदाहरण समोरच बसलंय. बावीस वर्षांचा, तशाच अपघातातला, पण तिसऱ्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेला. पॅरिसच्या ओबेर्लँ यांनी १९९४ मध्ये मांडलेली युक्ती अशी: मानेतली तुटलेली नस सांधून ती दंडापर्यंत येण्याची वाट पाहायची नाही. दंडातूनच पंजाकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला एक छोटा जुडगा वेगळा काढायचा आणि बायसेप्सच्या नसेला, स्नायूच्या अगदी तोंडाशी, जोडायचा. अंतर फुटावरून दोन-तीन इंचांवर येतं. एंडप्लेट मोडण्याआधी पोचायचं तर वेग वाढवता येत नाही, अंतर कमी करता येतं.

आज पाचवा महिना. तो पाठीवर झोपतो, दंड उघडा. "कोपर वाकव" म्हटल्यावर काही नाही. "मूठ आवळ, मनगट आत वळव," म्हटल्यावर बायसेप्सच्या मध्यावर त्वचेखाली बारीक हालचाल. मी त्याचं दुसऱ्या हाताचं बोट तिथे ठेवते. पुन्हा आवळ. त्याला बोटाखाली लागतं. मेंदूच्या लेखी ती नस अजून मुठीचीच आहे, म्हणून मूठ आवळली की दंड उडतो. पुढच्या काही महिन्यांत मूठ न आवळताही कोपर वाकवणं त्याला शिकायचंय, आणि मेंदू ते शिकतो. आज फक्त दहा वेळा आवळणं, विश्रांती, पुन्हा दहा. वजन नाही, ओढाताण नाही. नव्या जोडण्या लवकर थकतात. तो आईला व्हिडिओ कॉल लावून दंड दाखवतो. तिकडून तिला काहीच दिसत नाही, तरी ती हसते आणि डोळे पुसते.

५:२०

पत्रं लिहायची वेळ. तेवढ्यात ग्रामीण रुग्णालयातून तरुण डॉक्टरांचा फोन. खिडकीची काच मनगटात घुसलेला सतरा वर्षांचा मुलगा, दुपारी तीनची घटना. रक्त थांबलं आहे. करंगळीला स्पर्श कळत नाही, बोटं फाकवता येत नाहीत. "मॅडम, टाके घालून ठेवतो. सूज उतरली, जखम भरली की दहा-बारा दिवसांनी एनसीव्हीसकट पाठवू का?"

मी त्यांना आधी शाबासकी देते, कारण करंगळीचा स्पर्श त्यांनी तपासला. बरेच जण तपासत नाहीत. मग सांगते: काचेची स्वच्छ जखम, म्हणजे दोन्ही टोकं नीट कापलेली, ताण न देता जोडता येण्यासारखी. दहा दिवसांत ती मागे सरकून वणात अडकतील. आणि दुसरं म्हणजे, पहिले तीन दिवस खालच्या टोकातले तंतू आणि त्यांच्या एंडप्लेट अजून चालू असतात. सर्जन खालच्या टोकाला बारीक करंट देऊन पाहतात, ज्या जुडग्याने हाताचा स्नायू उडतो तो हालचालीचा, बाकीचे संवेदनेचे, आणि त्याप्रमाणे वरच्या टोकाशी जुळवतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर करंटला मिळणाऱ्या प्रतिसादाचा भरवसा राहत नाही, मग अंदाजाने जोडावं लागतं. एनसीव्हीची आत्ता गरज नाही. नसेची टोकं शोधायला जखमेत हात घालू नका, चिमटे लावू नका.

"जखम धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, ओलं ड्रेसिंग, पाठीमागून स्लॅब, आणि चिठ्ठीवर वेळ लिहा. त्याला आता पोटात काही देऊ नका."

"उद्या सकाळच्या गाडीने पाठवू?"

"१०८ आत्ता मिळतेय का बघा. मी प्लास्टिक सर्जरीला कळवते, ते रात्री घेतील किंवा सकाळी पहिला."

पलीकडे ते कुणाला तरी मुलाचं जेवण थांबवायला सांगतात.

"पाठवतो, मॅडम. दीड तासात पोचेल."